वाचकांचे प्रश्न: फेज वन ट्रायलमधला टक्का आपल्या माणसाला लागू होतो का?

मागच्या अंकात फुफ्फुसाच्या कॅन्सरवर लिहिलं होतं, त्यात अगदी शेवटी दोन ओळी फेज वन ट्रायल्सबद्दल, म्हणजे नवीन औषध माणसांना पहिल्यांदा देऊन बघणाऱ्या चाचण्यांबद्दल होत्या. पत्रं मात्र जवळजवळ सगळी त्या दोन ओळींवरच आली. वाचून लक्षात आलं की त्या दोन ओळी मी फारच घाईत उरकल्या होत्या, घरात हा प्रश्न येऊन बसलेला असतो तेव्हा दोन ओळींनी काय होणार. मी बरीच वर्षं अशा ट्रायल्सच्या टीममध्ये डॉक्टर म्हणून काम करतेय, संमतीपत्र पुढ्यात ठेवून तासतासभर घरच्यांशी बोलणं हे रोजचंच आहे, म्हणून यावेळी अख्खं सदर याच विषयाला देतेय. नावं आणि गावं छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, माझे बाबा ६४ वर्षांचे आहेत. फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. केमो आणि इम्युनोथेरपी एकत्र झाली, आठ महिने बरं चाललं, आता स्कॅनमध्ये परत वाढलंय. डॉक्टर म्हणाले एक फेज वन ट्रायल आहे, विचार करा. संमतीपत्रच २६ पानांचं आहे. नेटवर बघितलं तर एका ठिकाणी फेज वनमध्ये १० टक्के लोकांनाच उपयोग होतो असं लिहिलंय, दुसरीकडे ५७ टक्के. भाऊ म्हणतो बाबांचा प्रयोगातला उंदीर होऊ द्यायचा नाही. बाबा स्वतः काहीच बोलत नाहीयेत. नक्की कुठला आकडा धरायचा?

उत्तर: दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या पेशंटांचे आहेत आणि त्यातले कुठलेच पेशंट तुमच्या बाबांसारखे असतील असं नाही. जरा सविस्तर सांगते, कारण खरी गोम इथेच आहे.

१० टक्क्यांचा आकडा जुना आहे. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या १९९१ ते २००२ मधल्या ४६० फेज वन ट्रायल्स, ११,९३५ पेशंट, सगळे कॅन्सर एकत्र धरलेले, त्यात गाठी ठळकपणे लहान झाल्या अशांचं प्रमाण निघालं १०.६ टक्के. औषधामुळे मृत्यू ०.४९ टक्के, म्हणजे साधारण दोनशेत एक. पुढे त्याच संस्थेच्या २००० ते २०१९ च्या ४६५ ट्रायल्स तपासल्या गेल्या, १३,८४७ पेशंट, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत ९.६ टक्के असलेलं प्रमाण २०१३ नंतर १८ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. औषधामुळे मृत्यू ०.७ टक्के. म्हणजे धोका साधारण तिथेच राहिला आणि फायदा जवळजवळ दुप्पट झाला. पण लक्षात घ्या, यात फुफ्फुसाचा कॅन्सर हा अनेकांतला एक आहे, औषधंही शेकडो प्रकारची आहेत, त्यामुळे हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे, कोणा एकाचा नाही.

आता ५७ टक्के. तो क्रिझोटिनिब नावाच्या गोळीचा असणार. गंमत बघा, ते औषध मुळात मेट नावाच्या दुसऱ्याच टार्गेटसाठी बनवलेलं, त्याची फेज वन ट्रायल आधीच चालू होती, आणि २००७ मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये एएलके जीनची जोडणी बदललेली असते हे शोधून काढलं. हे औषध एएलकेही बंद करतं, मग त्याच ट्रायलमध्ये असे पेशंट घ्यायला सुरुवात झाली. साधारण १५०० पेशंटांच्या गाठी तपासल्या तेव्हा कुठे ८२ जण सापडले, आणि त्या ८२ मधल्या ५७ टक्क्यांच्या गाठी लहान झाल्या. २०१० मध्ये हे छापून आलं, २०११ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. म्हणजे ते ५७ टक्के त्या ८२ जणांचे, बाकीच्या चौदाशेंना त्या औषधाकडून काही आशा ठेवण्यासारखं नव्हतं.

अजून एक उदाहरण देते म्हणजे पक्कं होईल. केआरएएस जीनमधल्या जी१२सी बदलावरचं सोटोरासिब. पहिल्या ट्रायलमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ५९ पेशंट होते, १९ जणांच्या गाठी लहान झाल्या, म्हणजे ३२ टक्के. त्याच ट्रायलमध्ये, तेच औषध, जीनमधला तोच बदल, पण आतड्याच्या कॅन्सरचे ४२ पेशंट, तिथे फक्त तिघांना तसा फायदा झाला, ७ टक्के. एकच औषध आणि एकच जीन असूनही कॅन्सर कुठल्या अवयवात सुरू झालाय यावर एवढा फरक पडतो. म्हणून "फेज वनमध्ये किती टक्के" या प्रश्नाला मी कधीच एका आकड्यात उत्तर देत नाही, घरचे वैतागतात तरीही.

तर डॉक्टरांना काय विचारायचं? पहिलं, बाबांच्या गाठीची किंवा रक्ताची जीन तपासणी झालीये का, आणि हे औषध त्यात सापडलेल्या एखाद्या बदलावर नेम धरून आहे की सरसकट सगळ्यांसाठी आहे. दुसरं, ट्रायल कुठल्या टप्प्यावर आहे, अजून डोस वाढवत चाललेत की डोस ठरून त्याच प्रकारचे जास्त पेशंट घेणं सुरू झालंय, कारण दुसऱ्या भागात तुमच्या आधी गेलेल्यांची माहिती हातात असते. आणि मग सरळ विचारा की बाबांच्या आधी या ट्रायलमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे किती जण आले, कितींना फायदा झाला, कितींना त्रासामुळे थांबवावं लागलं. टीमला जेवढं माहीत असेल आणि सांगायची परवानगी असेल तेवढं सांगतात. "अजून सांगण्याइतके पेशंट झाले नाहीत" हेसुद्धा प्रामाणिक उत्तर आहे, ते टाळाटाळ समजू नका.

गाठ लहान होणं आणि माणूस जास्त जगणं हे एक नाही, हे मात्र मनात ठेवा. सोटोरासिबला २०२१ मध्ये तात्पुरती, लवकरची मान्यता मिळाली, पुढे मोठ्या फेज थ्री ट्रायलमध्ये जुन्या डोसिटॅक्सेल केमोशी तुलना झाली, तेव्हा आजार थोपवून धरायचा काळ साडेचार महिन्यांवरून ५.६ महिन्यांवर गेला पण एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. त्या ट्रायलमध्ये केमोवाल्यांना नंतर अशी औषधं मिळू शकत होती त्यामुळे तुलना थोडी झाकोळली हेही खरं. आणि याच्या उलटही होतं. निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या सुरुवातीच्या ट्रायलमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे १२९ पेशंट होते, सगळे आधी उपचार होऊन गेलेले. त्यांच्या आयुष्याचा मध्य निघाला ९.९ महिने, म्हणजे निम्मे लोक दहा महिनेही जगले नाहीत. पण पाच वर्षांनी हिशोब केला तर १६ टक्के हयात, ज्या काळात अशा पेशंटांमध्ये पाच वर्षं काढणारा क्वचितच दिसायचा. नुसता मध्याचा आकडा बघून खूप पुढपर्यंत जगलेल्या थोड्यांची ही शेपूट दिसतच नाही. म्हणून मी घरच्यांना दोन्ही सांगते, बहुतेकांचं काय झालं ते आणि थोड्यांचं काय झालं ते.

तुमच्या भावाचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, त्याची भीती अगदी रास्त आहे. फेज वनचा पहिला हेतू औषधाचा सुरक्षित डोस शोधणं हाच असतो, पेशंटला बरं करणं हा नाही, हे संमतीपत्रात लिहिलेलंही असतं. पण कागदावर सही करताना बहुतेकांच्या मनात "हे माझ्यासाठी आखलेलं ट्रीटमेंट आहे" असंच असतं. १९८२ मध्ये पॉल ऍपलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गैरसमजाला नावसुद्धा दिलं, उपचाराचा गैरसमज. उंदीर आणि पेशंट यात फरक एवढाच आणि तो मोठा आहे की पेशंटला सगळं सांगावं लागतं, तो विचारू शकतो आणि कुठल्याही दिवशी उठून जाऊ शकतो. त्यामुळे तुम्ही आणि भाऊ आधी आपसात भांडून निर्णय आणू नका. बाबा गप्प आहेत म्हणता, तर एका संध्याकाळी फक्त बाबांना विचारा की पुढचे तीन महिने त्यांना कसे घालवायचेत. ट्रायल म्हणजे खूप फेऱ्या. पहिल्या दिवशी हाताला सुई लावून ठेवतात, औषधाआधी रक्त, मग अर्ध्या तासाने, एक तासाने, दोन, चार, सहा, आठ तासांनी परत परत रक्त, मधे ईसीजी, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. बऱ्याच ठिकाणी नवीन बायोप्सीही लागते. काही जण हे आनंदाने करतात, म्हणतात काहीतरी चाललंय याचं बरं वाटतं, आणि काहींना ते तास घरी हवे असतात. दोन्ही बरोबर आहे.

प्रश्न: आईला ट्रायलमध्ये सगळ्यात कमी डोसच्या गटात टाकलंय. म्हणजे तिच्यावर औषध वाया घालवतायत का? जास्त डोस मागून घेता येईल का?

उत्तर: मागून घेता येत नाही, आणि ते आईच्या भल्यासाठीच आहे. जुनी आणि अजूनही खूप वापरली जाणारी पद्धत अशी की एका डोसवर तीन पेशंट घ्यायचे, पहिले तीन किंवा चार आठवडे बघायचं, कोणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढचे तीन जण वरच्या डोसवर. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला तर वर जाणं बंद, एक पायरी खाली यायचं. पायरी पायरीने जातात कारण वरच्या पायरीवर काय आहे हे तोपर्यंत कोणालाच माहीत नसतं.

कमी डोस म्हणजे फुकट असं मात्र नाही. केमोच्या काळात जास्त डोस म्हणजे जास्त परिणाम हे बऱ्यापैकी खरं होतं, आता एखाद्या जीनवर नेम धरणाऱ्या गोळ्यांमध्ये तसं राहिलेलं नाही. ओसिमर्टिनिब या फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या गोळीचं बघा. पहिल्या ट्रायलमध्ये २० मिलिग्रॅमपासून २४० मिलिग्रॅमपर्यंत डोस दिले, कुठल्याच डोसला थांबावं लागलं नाही, आणि गाठी लहान होणं अगदी खालच्या डोसवरही दिसलं. शेवटी निवडला तो ८० मिलिग्रॅम, कारण वरच्या डोसला अंगावर पुरळ आणि जुलाब वाढत होते. त्या ट्रायलमध्ये टी७९०एम हा जीनमधला बदल असलेल्यांमध्ये ६१ टक्क्यांना फायदा झाला आणि तो बदल नसलेल्यांमध्ये २१ टक्क्यांना, म्हणजे डोसपेक्षा गाठीच्या आत काय आहे यावर जास्त ठरलं. सोटोरासिबच्या बाबतीत तर ९६० मिलिग्रॅमवर मान्यता देताना अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीला सांगितलं की २४० शी तुलना करून दाखवा. २०२१ पासून एफडीए कॅन्सरच्या औषधांसाठी एकूणच हा आग्रह धरतेय, झेपेल तेवढा सगळ्यात मोठा डोस नको, पुरेल तेवढा दाखवा. हे खूप आधी व्हायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, मोठ्या डोसचे त्रास पेशंट महिनोन्‌महिने सोसतो.

एक मात्र विचारून ठेवा. वरचा डोस सुरक्षित ठरला तर खालच्या गटातल्यांना तो नंतर मिळू शकतो का. काही ट्रायल्समध्ये अशी सोय असते, काहींत नसते, आणि हे आराखड्यात आधीच लिहिलेलं असतं.

प्रश्न: आम्हाला नुसती साखरेची गोळी देऊन फसवतील का?

उत्तर: फेज वन कॅन्सर ट्रायलमध्ये जवळजवळ कधीच नाही, तिथे डोसच शोधायचा असतो त्यामुळे प्रत्येकाला खरं औषधच मिळतं. पुढच्या टप्प्यांतही कॅन्सरमध्ये तुलना शक्यतो चालू असलेल्या चांगल्या उपचाराशी करतात, आणि कुठे नकली गोळी असलीच तर बहुतेक वेळा ती नेहमीच्या उपचारासोबत असते. संमतीपत्रात ते लिहावंच लागतं. न सांगता कोणी देऊ शकत नाही.

प्रश्न: मिस्टरांचा ट्रायलमधला पहिला स्कॅन झाला. रिपोर्टवर "स्टेबल डिसीज" असं आलंय. डॉक्टर खूश दिसले पण मला तर काहीच कमी झालेलं दिसत नाही. मग औषध चालतंय की नाही?

उत्तर: हा शब्द घरच्यांना फार छळतो. आकडे घेऊन सांगते. रेडिओलॉजिस्ट सुरुवातीच्या स्कॅनवर काही गाठी निवडतो, समजा एक ४२ मिलिमीटरची आणि एक १८ ची, बेरीज ६०. पुढच्या प्रत्येक स्कॅनला त्याच गाठी मोजायच्या. बेरीज ३० टक्के किंवा जास्त कमी झाली, म्हणजे ४२ किंवा त्याखाली आली, तर त्याला प्रतिसाद म्हणतात. आतापर्यंतच्या सगळ्यात कमी बेरजेपेक्षा २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढली तर आजार वाढला, आणि नवीन गाठ दिसली तर मोजमाप काहीही असो, वाढलाच. या दोन्हीच्या मधलं सगळं स्टेबल.

आता गंमत अशी की बेरीज ६० वरून ४३ झाली तरी स्टेबल, ६० वरून ७० झाली तरी स्टेबल. दोघांच्या रिपोर्टवर शब्द एकच, आणि दोन्ही घरांतली परिस्थिती वेगळी. म्हणून नुसता शब्द वाचू नका, बेरजेचे आकडे मागा. आणि दुसरं, जे सहसा कोणी विचारत नाही, ट्रायलच्या आधीचे दोन स्कॅन काढून बघायला सांगा. आधीच्या दोन महिन्यांत गाठ भराभर वाढत होती आणि आता जागच्या जागी थांबली असेल तर औषध काम करतंय असं समजायला जागा आहे, डॉक्टर खूश दिसले ते बहुतेक म्हणूनच. आधीही ती हळूहळूच सरकत होती तर या स्कॅनवरून काहीच सांगता येत नाही, थांबायला लागेल. सोटोरासिबच्या त्या ५९ पेशंटांमध्ये १९ जणांच्या गाठी लहान झाल्या पण ५२ जणांचा आजार निदान पहिल्या स्कॅनपर्यंत तरी वाढला नव्हता, म्हणजे ८८ टक्के. बातम्यांमध्ये कधी ३२ टक्के दिसतात कधी ८८, ते यामुळे. ८८ ऐकून फार हुरळून जाऊ नका, तिथेही आजार थोपण्याचा मध्य ६.३ महिनेच होता.

आणि श्वास, खोकला, भूक, रात्रीची झोप हे तुम्ही घरी बघताच आहात. ते एका वहीत लिहा आणि स्कॅनच्या दिवशी घेऊन जा. खोकला कमी झाल्याचं आधी तुम्हालाच कळणारे.

प्रश्न: माझ्या जावेला स्मॉल सेल प्रकारचा आहे. तिच्यासाठी ट्रायल सुचवलीये, डीएलएल३ वरचं औषध. वाचलं की अशाच एका औषधाच्या ट्रायलमध्ये लोक उलट लवकर गेले. खूप घाबरलोय सगळे.

उत्तर: तुम्ही वाचलंय ते खरं आहे, पण ते दुसरं औषध. स्मॉल सेल म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरमधले साधारण १५ टक्के, फार वेगाने पसरणारा प्रकार, केमोने पटकन विरघळतो आणि पटकन परत येतो. त्याच्या पेशींवर डीएलएल३ नावाचं प्रथिन असतं जे निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर फारसं नसतं, म्हणून नेम धरायला छान जागा.

रोव्हा-टी नावाचं पहिलं औषध आलं, अँटिबॉडीला केमोचं विष जोडलेलं. पहिल्या ट्रायलमध्ये डीएलएल३ भरपूर असलेल्या २६ पेशंटांपैकी १० जणांना फायदा, ३८ टक्के, आणि या आजारात हा आकडा ऐकून आम्ही सगळे हरखून गेलो होतो. पुढच्या मोठ्या ट्रायलमध्ये प्रमाण १२ टक्क्यांवर आलं. मग जुन्या टोपोटेकान केमोशी थेट तुलना केली तेव्हा नवीन औषधवाल्यांचं आयुष्य कमी निघालं, मध्य ६.३ महिने विरुद्ध ८.६. २०१९ मध्ये ते औषध सोडून दिलं. २६ जणांवरून काढलेला टक्का किती कच्चा असतो हे मी त्यातून शिकले.

पण टार्गेट चुकीचं नव्हतं. टारलाटामॅब हे दुसरं औषध, विष नाही तर शरीराच्या स्वतःच्या टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, कॅन्सरच्या पेशीशी आणून भिडवणारं. पहिल्या ट्रायलमध्ये १०७ पेशंट, २३ टक्क्यांना फायदा, आयुष्याचा मध्य १३.२ महिने. पुढच्या टप्प्यात १० मिलिग्रॅमवर ४० टक्के. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता, आणि २०२५ मध्ये फेज थ्रीचं उत्तर आलं, केमोवर ८.३ महिने आणि याच्यावर १३.६. इथे पहिल्या ट्रायलमधली आशा टिकली.

तेव्हा तुमच्या जाऊबाईंचं औषध यातल्या कुठल्या जातीचं आहे, विष वाहून नेणारं की टी पेशी आणणारं, ते विचारा. टी पेशीवालं असेल तर पहिल्या एकदोन डोसनंतर जोरात ताप, थंडी, बीपी खाली जाणं असं होऊ शकतं, टारलाटामॅबच्या पहिल्या ट्रायलमध्ये निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना झालं, बहुतेकांना सौम्य. म्हणून सुरुवातीचे डोस हॉस्पिटलच्या देखरेखीखाली देतात. त्यासाठी ठेवून घेतलं तर काही बिघडलंय असं समजून घाबरू नका.

प्रश्न: भावाला ट्रायलमध्ये घेतलंच नाही. "परफॉर्मन्स स्टेटस दोन आहे, अल्ब्युमिन कमी आहे" म्हणे. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच नाकारायचं हा कुठला न्याय?

उत्तर: तुमचा राग मी अनेकदा समोर बसून ऐकलाय आणि दरवेळी वाईट वाटतं. परफॉर्मन्स स्टेटस दोन म्हणजे माणूस स्वतःचं स्वतः करतो, जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ उठून फिरतो, पण काम करू शकत नाही. आकडा जितका कमी तितका माणूस धडधाकट, आणि बहुतेक फेज वन ट्रायल्स शून्य आणि एकवाल्यांनाच घेतात. लंडनच्या रॉयल मार्सडेन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तीन साध्या गोष्टींचा स्कोअर काढलेला आहे, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लिटरमागे ३५ ग्रॅमच्या खाली, रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम जास्त, आणि दोनपेक्षा जास्त ठिकाणी पसरलेला आजार, प्रत्येकाचा एक गुण. दोन किंवा तीन गुण आले तर ट्रायलमध्ये गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तब्येत ढासळण्याची शक्यता जास्त. त्रास सोसायचा आणि औषधाला काम करायला वेळच मिळायचा नाही असं होतं. म्हणून नाकारतात. ते निर्दयपणाने नसतं, पण सांगणाऱ्याने दोन मिनिटांत दारात उभं राहून सांगितलं असेल तर तसं वाटणारच, आणि ती आमची चूक आहे.

याची दुसरी बाजू बाकीच्या वाचकांनीही ध्यानात घ्यावी. ट्रायलमधले सगळे टक्के हे असे निवडलेले, त्यातल्या त्यात धडधाकट पेशंटांचे असतात. ते जसेच्या तसे भावाला लावून "आपलं ५७ टक्के हुकलं" असं मनाला लावून घेऊ नका, ते त्याचे नव्हतेच.

आणि आता करायचं काय. २०१० मध्ये एक अभ्यास आला होता, पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे नुकतंच निदान झालेले १५१ पेशंट, निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत अगदी सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअरची टीम, म्हणजे दुखणं, दम, झोप, भूक, मनाची अवस्था हे बघणारे लोक. दुसऱ्या गटाचे दिवस तर चांगले गेलेच, शिवाय आयुष्याचा मध्यही ११.६ महिने निघाला, पहिल्या गटाचा ८.९. लोक समजतात पॅलिएटिव्ह म्हणजे आता सगळं संपलं, आणि तिकडे फिरकतच नाहीत. भावाला या आठवड्यात त्या टीमकडे घेऊन जा. अल्ब्युमिन कमी का झालंय, खाणं होत नाहीये का, इन्फेक्शन आहे का, छातीत पाणी भरलंय का, ते तपासून घ्या. छातीतलं पाणी काढल्यावर माणूस दोन वरून एक वर आलेला मी पाहिलाय, आणि मग ट्रायलचं दार परत उघडू शकतं. उघडलं नाही तरी रात्री आडवं होऊन झोपता येणं ही छोटी गोष्ट नाही.

प्रश्न: मी स्वतः पेशंट आहे, ट्रायलच्या तिसऱ्या महिन्यात आहे. थकलोय. सोडून दिलं तर डॉक्टर पुढचे उपचार नीट करणार नाहीत का?

उत्तर: करायलाच हवेत. कारण न सांगता बाहेर पडायचा हक्क तुम्ही सही केलेल्या कागदातच लिहिलेला आहे, त्याचा तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होऊ द्यायचा नाही हेही त्यातच आहे. कोणी तोंड वाकडं केलं तर ट्रायलवर देखरेख करणाऱ्या एथिक्स कमिटीचा संपर्क त्याच कागदावर असतो, बिनधास्त कळवा.

फक्त सोडायच्या आधी एकदा थकवा आहे तसा सांगून बघा. पेशंट ट्रायलमध्ये असले की आम्हाला बरं वाटावं म्हणून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत राहतात, तसं नका करू. डोस कमी करता येतो, एकदोन आठवडे थांबवता येतो, थायरॉईड किंवा हिमोग्लोबिन खाली गेलंय का बघता येतं, कधीकधी थकव्याचं मूळ तिथेच निघतं. एवढं करूनही नको वाटलं तर थांबा, तुम्ही दिलेल्या तीन महिन्यांची माहिती वाया जात नाही, ती मोजली जाते.

गोळ्या मात्र एके दिवशी मनानेच बंद करून गप्प बसू नका, फोन करून सांगा. आणि थांबवल्यावरही पुढचे काही आठवडे नवीन दम लागला, कोरडा खोकला वाढला किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता ट्रायलच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करायचा. बरीच नवीन औषधं फुफ्फुसाला सूज आणू शकतात, ती कॅन्सर वाढल्यासारखीच दिसते, आणि वेळेवर स्टिरॉइड सुरू केलं तर बऱ्याचदा आटोक्यात येते. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जावं लागलं तर ट्रायलचं कार्ड आधी दाखवा, खिशात ठेवा ते, कपाटात नको.